११२ सदनिकांच्या सोसायटीत टपाल आणि पार्सलसाठी स्वतंत्र खोली करावी का?

प्रश्न : सचिव, सिंहगड रस्ता

सर्वांना नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीत दोन विंग मिळून ११२ सदनिका आहेत. प्रत्येक विंग सात मजली असून मजल्यावर आठ घरे आहेत. इमारत २००६ सालची आहे. त्या वेळी बिल्डरने दोन्ही जिन्यांजवळ प्लायवूडच्या टपालपेट्या ठोकून दिल्या आणि टपालाचा विषय तेवढ्यावर मिटला असे सर्वांनी गृहीत धरले. आज त्यांतल्या निम्म्या पेट्यांची झाकणे निखळली आहेत, काहींवर दहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या भाडेकरूंची नावे आहेत, आणि येणाऱ्या वस्तूंचा खरा ओघ पेट्यांकडे न जाता फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या केबिनकडे वळला आहे.

ही केबिन चार फूट बाय पाच फुटांची आहे. गेल्या जुलैमध्ये एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास मी तेथे गेलो, तेव्हा खुर्चीवर मिक्सरचे खोके, टेबलावर कपड्यांच्या पिशव्या, रक्षकाच्या जेवणाच्या डब्यावर कोणाची तरी औषधे आणि जमिनीवर कुत्र्याच्या खाद्याचे पोते होते. रक्षक स्वतः छत्री धरून पावसात उभा होता, कारण आत त्याला उभे राहायलाही जागा उरलेली नव्हती.

घोटाळेही होतात. आमच्याकडे अ-७०४ आणि ब-७०४ या दोन्ही घरांत एकाच आडनावाची कुटुंबे राहतात. मागच्या दिवाळीत एका घराची साडी दुसऱ्या घरी गेली, तेथील काकूंना ती मुलीने पाठवलेली भेट वाटली, आणि खरा प्रकार उघड होईपर्यंत त्यांनी तिला फॉल-पिको करून आणले होते. यावर सगळे हसले. परंतु त्यानंतर एका सभासदाच्या नावाचे बँकेचे नोंदणीकृत पत्र खोक्यांच्या ढिगाखाली तीन आठवडे पडून राहिले, आणि तेव्हा कोणीही हसले नाही.

येत्या सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही स्वतंत्र खोलीचा विषय मांडणार आहोत. तीन जागा सुचवल्या गेल्या आहेत. पहिली अ विंगच्या जिन्याखालची मोकळी जागा, जी पत्रा लावून बंद करता येईल. दुसरी स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधील मोकळ्या तळातील, पाहुण्यांच्या पार्किंगच्या दोन जागा. आणि तिसरी फाटकालगतची, सध्या माळ्याची अवजारे ठेवण्यासाठी वापरात असलेली, आठ फूट बाय दहा फुटांची खोली. काही तरुण सभासदांचा इलेक्ट्रॉनिक लॉकर बसवण्याचा आग्रह आहे. जागेची निवड, आतील रचना आणि रोजचा कारभार या तिन्हींबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ : वास्तुरचनाकार, ठाणे

सचिव महोदय, जिन्याखालच्या जागेचा विचार आपण सर्वांत आधी सोडून द्यावा. आग लागल्यावर लिफ्ट बंद होते आणि ५६ कुटुंबांना खाली उतरण्यासाठी जिना हा एकमेव मार्ग उरतो. त्याच्या पायथ्याशी पुठ्ठा, थर्माकोल आणि प्लास्टिकचा साठा करणे म्हणजे धुराड्याच्या तळाशी सरपण रचण्यासारखे आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र आपल्याला सादर करावे लागते, आणि जिन्याखाली गोदाम दिसल्यावर ते प्रमाणपत्र देणारा कोणताही प्रामाणिक परवानाधारक त्याकडे काणाडोळा करणार नाही. विजेच्या मीटरच्या खोलीची कल्पनाही कोणी पुढे आणली, तर तिलाही हेच उत्तर द्यावे.

स्टिल्टमधील जागेची अडचण वेगळी आहे. स्टिल्ट मोकळा आहे म्हणूनच त्याला चटईक्षेत्रातून, म्हणजे परवानगी असलेल्या एकूण बांधकामाच्या मोजणीतून, सूट मिळालेली असते. तेथे भिंती उभ्या केल्या की मंजूर नकाशात बदल होतो आणि महापालिकेची परवानगी लागते. ती न घेता काम केल्यास, उद्या एखाद्या नाराज सभासदाने एक अर्ज केला तरी सगळे पाडावे लागेल. शिवाय पार्किंगच्या दोन जागा कमी करण्याचा ठराव सभेत मांडून पाहा; पार्सलचा विषय बाजूला राहील आणि रात्री अकरापर्यंत केवळ गाड्यांवर चर्चा चालेल.

राहिली माळ्याची खोली. ती मंजूर नकाशात दाखवलेली आहे याची एकदा खात्री करून घ्या; तशी असेल तर जागेचा प्रश्न सुटलाच म्हणून समजा. ती फाटकालगत असल्यामुळे कुरिअरवाल्याला इमारतीत शिरावे लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

आता आकाराविषयी. बहुतेक सोसायट्या येथे एक चूक करतात: दिवसाला किती वस्तू येतात हे पाहून त्या खोलीचा आकार ठरवतात. प्रत्यक्षात खोलीत एका वेळी किती वस्तू असतील हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते, रोज किती वस्तू येतात आणि प्रत्येक वस्तू सरासरी किती दिवस पडून राहते. रोज ६० वस्तू येत असतील आणि प्रत्येक अर्धा दिवस राहत असेल, तर आत ३० वस्तू असतील. तेवढ्याच वस्तू दोन-दोन दिवस राहू लागल्या तर १२० होतील. म्हणजे वस्तू उचलण्याची शिस्त लावली तर लहान खोली पुरते, आणि ती नसेल तर मोठा हॉलही अपुरा पडतो. मोठी खोली बांधून उलट लोकांचा आळस वाढल्याचे मी दोन ठिकाणी पाहिले आहे. एका ठिकाणी तर सभासदांनी तेथे जुनी सायकल आणि पाळणा आणून ठेवला होता. म्हणून सुताराला बोलावण्यापूर्वी दोन आठवडे रोजची मोजणी करा. येणाऱ्या वस्तू मोजाच, पण संध्याकाळी सात वाजता प्रत्यक्ष पडून असलेल्या वस्तूही मोजा, आणि शक्य झाल्यास एखाद्या मोठ्या ऑनलाइन विक्रीचे दिवस त्यात येऊ द्या.

आठ बाय दहाच्या खोलीत दोन्ही लांब भिंतींना अठरा इंच खोलीचे रॅक लावले तरी मध्ये पाच फुटांची मोकळी वाट राहते. दाराजवळचा कोपरा सोडून प्रत्येक बाजूला आठ फूट लांबीचे, चार फळ्यांचे रॅक बसवल्यास एकूण ६४ धावते फूट मिळतात. स्लॉटेड अँगलचे लोखंडी रॅक घ्यावेत आणि सर्वांत खालची फळी मात्र कडप्प्याची करावी, जमिनीपासून किमान सहा इंच वर. पुण्याच्या पावसात फाटकालगतच्या खोलीत पाणी येणार हे गृहीत धरूनच चालावे. शिवाय पुठ्ठ्याला वाळवी फार लवकर लागते आणि खोक्यांच्या घड्यांमधून झुरळे घरोघर पोचतात. प्लायवूड म्हणूनच नको. तांदळाची पोती आणि कुत्र्याचे खाद्य खाली, हलक्या पिशव्या वर. सर्वांत वरची फळी पाच फुटांपेक्षा उंच नसावी, अन्यथा बुटक्या माणसाला ती दिसत नाही आणि तेथे गेलेली वस्तू विसरली जाते.

रस्त्याच्या बाजूला काउंटरसारखी एक रुंद खिडकी काढावी, म्हणजे देणारा बाहेर आणि घेणारा आत राहील. सभासदांचे दार सोसायटीच्या बाजूला, किमान तीन फूट रुंद, उंबरठा नसलेले आणि काचेची पट्टी असलेले असावे, जेणेकरून आत कोण आहे ते बाहेरून दिसेल. कॅमेरा छताच्या कोपऱ्यात न लावता खिडकीच्या टेबलावर रोखलेला असावा. वादाच्या वेळी कोणती वस्तू कोणाच्या हातात गेली एवढेच पाहायचे असते, आणि कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यात फक्त डोकी दिसतात. एग्झॉस्ट पंखा आवश्यक आहे. मे महिन्यात हापूसच्या चार पेट्या बंद खोलीत एक रात्र राहिल्या, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कपड्यांच्या पार्सलांना आंब्याचा वास येतो. काही सभासद यावर आनंदीही होतील. पण पेट्या पिकलेल्या फळांनी चिकट झाल्या की मुंग्या येतात.

अ आणि ब विंगमधला गोंधळ टाळण्याचा उपाय रंगाइतका सोपा आहे. डावा रॅक अ विंगचा, त्याला निळी पट्टी. उजवा ब विंगचा, त्याला पिवळी. वस्तू हातात घेताच रक्षकाने जाड मार्करने तिच्यावर विंग आणि क्रमांक ठळक लिहावा, आणि आडनाव मुळीच लिहू नये.

उत्तर २ : माजी अध्यक्ष, नाशिक

माझे मत थोडे निराळे आहे. आम्ही तीन वर्षांपूर्वी अशी खोली सुरू केली आणि दीड वर्षाने बंद केली. सोसायटीने एकदा वस्तू स्वीकारायला सुरुवात केली की ती आपली सोय आहे हे लोक विसरतात आणि तो आपला हक्क आहे असे समजू लागतात. आमचा रक्षक फाटकाकडे पाठ करून दिवसभर वह्यांमध्ये नोंदी करत असे, आणि त्याच काळात पार्किंगमधून दोन सायकली गेल्या. आता कुरिअरवाला थेट घरी जातो. घरात कोणी नसेल तर ज्याने त्याने शेजाऱ्याशी बोलून ठेवावे. जो रक्षक राखणीसाठी नेमला आहे, त्याला गोदामपाल करू नये.

उत्तर ३ : निवृत्त टपाल कर्मचारी, सातारा

माजी अध्यक्षांची तक्रार रास्त आहे, पण शेजाऱ्यावर सोपवण्याचा उपाय ज्या इमारतीत दिवसभर निम्मी घरे बंद असतात तेथे चालत नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ टपाल खात्यात होतो आणि त्यातली बरीच वर्षे बीटवर, म्हणजे घरोघर टपाल वाटण्यात गेली. त्या अनुभवातून मला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पार्सल आणि टपाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना एका रॅकवर ठेवू नये. खोके हरवले तर पैसे परत मिळतात. पत्र हरवले तर मुदत जाते, आणि मुदत परत मिळत नाही. सचिवांच्या सोसायटीतले बँकेचे पत्र ढिगाखाली गेले, ते नेमके या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे.

म्हणून खोलीचे काम सुरू करण्यापूर्वी जुन्या टपालपेट्या नीट कराव्यात. पत्र्याच्या, स्वतंत्र कुलपाच्या पेट्या घ्याव्यात. त्यांची फट मोठ्या लिफाफ्यांना न दुमडता आत जाऊ देणारी, परंतु बाहेरून हात जाणार नाही इतकी अरुंद असावी, आणि पाऊस तिरका येतो त्या भिंतीवर त्या लावू नयेत. पेटीवर क्रमांक कायमचा रंगवावा आणि नावाची पट्टी मात्र सरकवून बदलता येईल अशी ठेवावी. घरमालक बाहेरगावी आणि आत भाडेकरू, अशी परिस्थिती असेल तर पट्टीवर दोन्ही नावे हवीत. पोस्टमन नवा असतो तेव्हा तो क्रमांकापेक्षा नावावर अधिक विश्वास ठेवतो. पेटीवर नाव दिसले नाही की 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून पत्र परत जाते. असे परत गेलेले कितीतरी लिफाफे मी माझ्या हातांनी बांधले आहेत. अनेकदा तो माणूस तिसऱ्या मजल्यावर पंखा लावून झोपलेला असे.

स्पीड पोस्टाचे पत्र देताना घर बंद असेल तर पोस्टमन सूचनेची चिठ्ठी ठेवतो आणि पत्र ठरावीक दिवस कार्यालयात राहते. त्या चिठ्ठ्यांसाठी फाटकाच्या खोलीत एक लहानसा, विंगप्रमाणे विभागलेला फलक लावा. चिठ्ठी दारात सरकवली की सकाळी झाडलोटीत जाते. आपल्या वतीने पत्र कोणी घ्यावे हे ठरवायचे असेल, तर तसे लेखी अधिकारपत्र पोस्टात देण्याची सोय आहे, आणि वयस्कर सभासदांनी तिचा उपयोग अवश्य करावा. पासपोर्टच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही. तो अर्जदाराच्याच हाती दिला जातो. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही जुनी स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, त्यामुळे पूर्वी ज्या लिफाफ्यावरची 'रजि.' ही अक्षरे पाहून रक्षकही सावध होत असे, तो लिफाफा आता इतर स्पीड पोस्टासारखाच दिसतो. रक्षकाला हे समजावून सांगितले पाहिजे.

पत्त्याविषयी एक सांगतो. आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, संस्कृतात कविता करणाऱ्या अधिकाऱ्याने केली, याचा आम्हा जुन्या कर्मचाऱ्यांना अभिमान आहे. ४११ म्हटले की पुणे हे झोपेतही कळते. आता खात्याने डिजिपिन आणला आहे, जो सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत देतो. खेड्यातल्या वाडीवस्तीसाठी तो फार उपयोगाचा ठरेल. परंतु आपल्या इमारतीत अ-१०४ पासून अ-७०४ पर्यंतची, एकावर एक असलेली सातही घरे त्याच चौकोनात येतात. तेव्हा विंग, मजला आणि घर क्रमांक लिहिण्याचे काम तुमचे तुम्हालाच करावे लागेल.

उत्तर ४ : अधिवक्ता, मुंबई

वरील चर्चेत कायद्याची बाजू राहून गेली आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. दुसऱ्याची वस्तू परत देण्याच्या बोलीवर ताब्यात घेणे याला भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ मध्ये निक्षेप म्हटले आहे, आणि कलम १५१ नुसार ती वस्तू सांभाळणाऱ्याने, सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यावी लागते. ही सेवा फुकट आहे म्हणून ही जबाबदारी संपत नाही. 'वस्तू हरवल्यास सोसायटी जबाबदार नाही' अशी पाटी लावून स्वस्थ बसणाऱ्या समित्या मी पाहतो. ज्या सभासदाने तशी अट कधी मान्यच केली नाही, त्याच्यापुढे निव्वळ पाटीचा आधार तोकडा पडतो. त्यापेक्षा सर्वसाधारण सभेत नियम मंजूर करून प्रत्येक सभासदाची व भाडेकरूची लेखी संमती घ्यावी, तीत सोसायटी कोणत्या वस्तू स्वीकारणार नाही हेही स्पष्ट लिहावे, आणि ज्याची संमती नाही त्याचे पार्सल घेऊ नये. रोख रक्कम देऊन सोडवायची पार्सले, दागिने, आणि थंड ठेवावी लागणारी औषधे या यादीत सर्वांत आधी असावीत. इन्सुलिनची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. ती एप्रिलच्या दुपारी केबिनमध्ये चार तास राहिली तर तिचे काय झाले हे बाहेरून दिसत नाही.

नोटिशींबाबत रक्षकाने सही करू नये, असा स्पष्ट नियम असावा. धनादेश न वटल्याची नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी केवळ १५ दिवस असतात. योग्य पत्त्यावर, पुरेसे तिकीट लावून, नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र नेहमीच्या वेळेत पोचले असे जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम २७ नुसार गृहीत धरले जाते. अशा वेळी पत्र केबिनमध्ये पडून होते हे सिद्ध करण्याचा भार पत्र न मिळालेल्या माणसावर येतो, आणि रक्षकाची सही त्याच्या विरुद्धच दाखवली जाते.

नोंदवहीत विंग, क्रमांक, वेळ आणि नेणाऱ्याची सही पुरे आहे. सभासदाचे पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक आणि वस्तू कोणत्या दुकानातून आली हे उघड्या वहीत लिहून ती फाटकावर ठेवणे, हे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी, साध्या शहाणपणाचे नाही. रक्षकाला ओटीपी सांगून ठेवण्याची सवयही मोडावी. ओटीपी दिला म्हणजे वस्तू मिळाल्याची कबुली दिली, आणि मग खोके उघडल्यावर आत साबणाची वडी निघाली तर तक्रार करणे कठीण जाते.

उत्तर ५ : न्यू जर्सीस्थित वाचक

लॉकरचा विषय निघाला आहे म्हणून येथला अनुभव सांगते. अमेरिकेत टपालपेट्या कशा असाव्यात हे टपाल खातेच ठरवते. नव्या इमारतींमध्ये २००६ पासून लागू असलेल्या मानकानुसार प्रत्येक घराची पेटी किमान १२ इंच रुंद, १५ इंच खोल आणि ३ इंच उंच असावी लागते, आणि त्या मानकात सुरुवातीला दर दहा पेट्यांमागे किमान एक पार्सलचा कप्पा ठरवला होता. पोस्टमन त्यात वस्तू ठेवतो आणि कप्प्याची किल्ली तुमच्या पेटीत टाकतो. पद्धत फार देखणी आहे. परंतु दहा घरांमागे एक कप्पा हे प्रमाण ऑनलाइन खरेदीच्या लाटेपुढे केव्हाच अपुरे पडले. आमच्या इमारतीत पुढे इलेक्ट्रॉनिक लॉकर बसवले, तेव्हा वेगळीच अडचण आली. मोठे कप्पे थोडे असल्यामुळे त्यात छोटी पाकिटे ठेवली जात, लोक आठवडाभर गावाला गेले की कप्पा अडून राहत असे, आणि लॉकरच्या माथ्यावर व समोर जमिनीवर खोक्यांचा ढीग लागे. शेवटी बाजूची एक खोली रिकामी करून साधे रॅक लावावे लागले.

माझ्या आईवडिलांची सोसायटी डोंबिवलीत आहे आणि राखीच्या आधी मी पाठवलेले पाकीट तेथे फाटकावरच अडकते, म्हणून हा धागा आवर्जून वाचला. लॉकर घ्यायचेच असतील तर वीज गेल्यावर दार कसे उघडेल, वार्षिक देखभालीचा खर्च किती, आणि स्मार्टफोन न वापरणाऱ्या आजोबांना वस्तू कशी मिळेल, ही तीन उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : सचिव, सिंहगड रस्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ठाण्याच्या वास्तुरचनाकारांनी सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस मोजणी केली आणि काही गोष्टी आमच्या अंदाजापेक्षा निराळ्या निघाल्या. एकूण ७४२ वस्तू आल्या, म्हणजे दिवसाला ५३. संध्याकाळी सात वाजता पडून असलेल्या वस्तू सरासरी ३१, आणि सर्वांत वाईट दिवशी ५८ होत्या. मला सर्वांत आश्चर्य वाटले ते पुढील आकड्याचे: दोन दिवसांहून अधिक काळ राहिलेल्या ३८ वस्तूंपैकी २९ वस्तू केवळ सहा घरांच्या होत्या. आम्ही ११२ घरांना शिस्त लावण्याच्या गोष्टी करत होतो! त्या सहांपैकी दोन घरी वयोवृद्ध दांपत्ये आहेत, त्यांना खाली येणे जमत नाही. उरलेले चौघे सतत फिरतीवर असतात.

माजी अध्यक्षांचा आक्षेपही मोजून पाहिला. वस्तू घेण्यात आणि देण्यात रक्षकाचा दिवसाचा सुमारे अडीच तासांचा वेळ जातो, आणि त्यातला बहुतेक संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत, म्हणजे नेमकी फाटकावर वर्दळ असते तेव्हाच. त्यामुळे त्या तीन तासांसाठी एक अर्धवेळ मदतनीस नेमावा, असा प्रस्ताव सभेपुढे ठेवणार आहोत. वस्तू न नेणाऱ्यांकडून दंड घ्यावा असे काहींचे म्हणणे आहे. यावर आपले मत कळावे. शिवाय माळ्याच्या अवजारांना दुसरी जागा नाही, ही अडचण उरतेच.

उत्तर ६ : वास्तुरचनाकार, ठाणे

आपली मोजणी वाचून समाधान वाटले; ६४ धावते फूट आपल्याला पुरेसे आहेत, कारण ५८ वस्तूंमध्ये निम्म्याहून अधिक मऊ पिशव्या असतात आणि त्या फूटभर जागाही घेत नाहीत. जुन्या टपालपेट्या आधी नीट कराव्यात, या निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे; लॉकरवरचा खर्च वाचवून तो पत्र्याच्या पेट्यांवर करावा.

दंड नको. दंड वसूल करण्यासाठी हिशेब ठेवावा लागतो, हिशेबावर भांडण होते, आणि दंड भरणाऱ्याला वस्तू ठेवण्याचा हक्क विकत घेतल्यासारखे वाटते. त्याऐवजी दोन्ही वृद्ध दांपत्यांची पार्सले मदतनीसाने रोज रात्री नऊच्या आधी घरी पोचवावीत. महिन्याला तासाभराचे काम आहे. फिरतीवरच्या चौघांना गावाला जाताना कळवण्याची विनंती करावी आणि त्यांच्या वस्तूंसाठी ब विंगच्या रॅकची सर्वांत वरची फळी राखून ठेवावी. त्याच रॅकच्या टोकाला दुकानांना परत पाठवायच्या वस्तूंसाठी दोन फुटांची जागा वेगळी आखावी, नाहीतर परत जायची वस्तू कोणीतरी नवी म्हणून घरी नेईल.

माळ्याची अवजारे बागेच्या कुंपणालगत, दीड फूट खोलीच्या उभ्या पत्र्याच्या कपाटात मावतील. फावडे, खुरपे, कैची आणि पाण्याची नळी एवढेच असते. आताच्या खोलीत उरलेली जागा बहुधा फुटक्या कुंड्यांनी व्यापली असेल. कपाट घेण्यापूर्वी माळ्याला एकदा विचारा, कारण फवारणीची औषधे तो कोठे ठेवतो हे मला आपल्या वर्णनातून कळले नाही, आणि ती पार्सलांच्या खोलीत राहता कामा नयेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : सचिव, सिंहगड रस्ता

आज सकाळी माळ्यासमवेत खोली उघडून पाहिली. कुंड्या निघाल्या, अठ्ठावीस. फवारणीची दोन डबडी खिडकीत होती, ती आजच हलवली. आणि मागच्या भिंतीला टेकवलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पत्र्याची टपालपेटी सापडली. तिच्यावर अजून किंमतीची चिठ्ठी आहे. नमुना म्हणून ती सभेत टेबलावर ठेवणार आहे.